सव्वादहा

डॉक्टर म्हणाल्या, शनिवारी रात्री सव्वादहा.
दहा-चौदा नाही, दहा-सोळा नाही.
बरोबर छत्तीस तासांनी सोमवारी अंडी काढायची.
तू हसलास. त्यांना कुठे ठाऊक,
ठाकूरद्वारला जिन्याखाली तुझं दुकान आहे
आणि भिंतीवरची एकवीस घड्याळं
एकमेकांना खोटं पाडत नाहीत.

शनिवारी बकुळच्या मुलीचं रिसेप्शन, गिरगावातच.
न जाऊन चालणार नव्हतं.
इतकी बारशी चुकवली आपण
की लोक आता आमंत्रण देताना
आधी आपल्या चेहऱ्याकडे बघतात.

म्हणून थर्मासात बर्फ, बर्फावर नॅपकिन,
नॅपकिनात ते इंजेक्शन.
दहा दिवसांच्या निळ्या डागांवर
नारायणपेठीचा काठ.

सात वर्षांत काय काय झालं ते
एका दमात सांगता येत नाही.
आधी गोळ्या. मग तुझी तपासणी,
जिच्याबद्दल तुझ्या आईला अजून माहीत नाही,
आणि मी सांगणारही नाही.
तीनदा आययूआय. तिसऱ्या वेळी
मी अजून पाय वर करून पडलेले,
आणि बाहेर काउंटरवरची तुला विचारत होती,
सुट्टे आहेत का?
माझ्या पाटल्या पहिल्या पॅकेजमध्ये गेल्या.
(पॅकेजच म्हणतात. काश्मीरसारखं.)
दुसऱ्या कुणाचं बीज, असंही होऊ शकतं,
हे सांगताना डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
तू खिडकीबाहेर परळचा पूल बघत राहिलास,
जणू तो आत्ताच कुणीतरी आणून ठेवलाय.
दत्तकाचे कागदही आहेत,
विम्याच्या फायलीत, अर्धे भरलेले.

हॉलमध्ये नलूमावशीने ओटी भरली.
तांदूळ, खण, नारळ.
कानात म्हणाली, यंदा नक्की हं.
दर वेळी म्हणते. दर वेळी खरं वाटतं,
एवढाच माझा मूर्खपणा.

दहा वाजले. नवरीच्या खोलीत मेकअपवाल्या,
बाथरूमला दिवा नाही.
शेवटी स्वयंपाकघरामागची कोठी:
ताटांच्या चळती, कांद्याची पोती,
आणि पुऱ्यांचे गोळे करत बसलेली एक बाई.
साखरेचं काय? तिने विचारलं.
हो म्हटलं. सोपं असतं.
माझ्या सासूला पण होती, म्हणाली,
पिठाचे हात पदराला पुसून
तुझ्या मोबाइलची बॅटरी धरून उभी राहिली.

दहा-तेरा.
केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलतोस तू
श्वास न सोडता.
तो हात माझ्या पोटाशी येऊन
थरथरायला लागला.
दहा-चौदा.
बाहेर कुणीतरी माइकवरून सांगत होतं,
सफेद गाडी कुणाची, काढा.
दादा, कातडी चिमटीत धरा, ती म्हणाली,
आन् सुई सरळ जाऊ द्या.
गेली.

टोपण लावलंस. घड्याळ पाहिलंस.
तेव्हा ती तिच्या परातीशी परत बसली होती.
वर न बघताच बोलली,
पोरासाठीचं हाय ना?
साखरेचं असं घड्याळाकडं बघत
कोन घेत न्हाई, ताई.

मी काही बोलले नाही.
तिने कढईतली पहिली पुरी
माझ्या हातावर ठेवली, इतकी गरम
की एका हातातून दुसऱ्यात घेत राहिले.
नाव विचारायचं राहून गेलं.

टॅक्सीत तू गप्प. चर्नी रोडच्या सिग्नलला
माझ्या ओटीतला नारळ काढलास,
आणि बंद पडून आलेलं घड्याळ
गिऱ्हाइकासमोर धरतोस तसा
कानाशी धरून हलवलास.

काय म्हणतोय, मी विचारलं.

थांब जरा, म्हणालास,
आणि टॅक्सीवाल्याला म्हणालास,
भाऊ, रेडिओ बंद करा.